ॲडमिरलचा पहारा

३ फेब्रुवारी

काम मिळालं! निवृत्त व्हाइस ॲडमिरलची छत्तीस वर्षांची नोकरी टाइप करायची. ते सांगणार, मी बडवणार. आई म्हणाली, "स्वतःचं कॉलेज अर्धवट, आणि निघाला दुसऱ्याचं आयुष्य पुरं करायला." म्हणू दे. दार त्यांच्या मुलीने उघडलं, हे तिला कुठे माहितीये?

५ फेब्रुवारी

कॅडेट, लेफ्टनंट, पहिलं जहाज. सांगतात झकास, पण माझ्याकडे पाठ करून. खिडकी सोडतच नाहीत. खाली पार्किंग, समोर पाण्याची टाकी. समुद्र गाडीने पाच तास. तरी तासातासाला वहीत लिहितात — वारा, ढग, आणि "उजवीकडे जहाज. दिशा तीच. अंतर कमी."

त्यांच्या मुलीला विचारलं. "मी शाळेत होते तेव्हा नऊ मैल होतं," ती म्हणाली. "आता अर्ध्यावर आलंय." आणि चहा गाळत राहिली.

८ फेब्रुवारी

ती मावशीकडे. दिवस फुकट.

११ फेब्रुवारी

लग्नाचं विचारलं एकदाचं! नाही म्हणाली नाही. "पण बाबांना असं उभं टाकून कुठे जाऊ? खुर्चीत डुलकी काढतात, तीही डोळे उघडे ठेवून. ते नीट झोपले की मी मोकळी."

मग झोपवतोच.

१५ फेब्रुवारी

आज कळलं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते जहाजावर पहाऱ्याला होते. रिवाज असा — बदलीला आलेला माणूस "पहारा माझ्याकडे" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. बदलीवाला जिना चढत होता. हे चार मिनिटं आधी उतरले, पत्र वाचायला. त्या चार मिनिटांत दुसरं जहाज येऊन धडकलं. सतरा माणसं गेली, बदलीवालाही. चौकशीत दोष त्याच्या माथी मारला. यांना पुढे बढती.

"हे घालू पुस्तकात?" माझा आवाज चढला.

"घाल. तो आला नाही अजून. आला की उतरेन."

१६ फेब्रुवारी

डोकं फिरलं माझं. सांगून सांगून थकलो — सर, तो मेला, तुम्ही झोपा! ऐकतायत कुठे. शेवटी टाइपरायटर ढकलला, शेजारी जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "पहारा माझ्याकडे!"

त्यांनी वळून मला नीट पाहिलं. पहिल्यांदाच. सलाम ठोकला, वही माझ्या हातात दिली, आत जाऊन पलंगावर पडले. दोन मिनिटांत घोरायला लागले. ती दारात रडत होती, हसत होती. माझा हात धरला. धरला!

१९ फेब्रुवारी

ते अजून लोळतायत, जेवणापुरते उठतात. तिने दुसऱ्या गावची नोकरी घेतली. परवा निघायचं, बाबा, ती आणि मी. आई चक्क खूश.

गंमत म्हणून खिडकीशी उभा होतो. टाकीच्या मागे काहीतरी करडं आहे. ढग म्हणावा तर हलत नाही. नुसतं मोठं होतंय.

२१ फेब्रुवारी

ती बॅग घेऊन दारात. बाबा खाली गाडीत, शीळ घालतायत. "चल ना रे. तूच मागे लागला होतास ना?"

वळून तिच्याकडे बघायचं होतं. नाही जमलं.

"तू हो पुढे," म्हणालो. "माझा बदलीवाला आला की निघतो."