नुसता प्लग लावा

३ ऑगस्ट २००९, सोमवार
नेऱ्याच्या रस्त्यावर धर्माशेठच्या दुकानात आमचा डबा, म्हणजे बिलांचा छोटा कॉम्प्युटर, बसवला. रेती, खडी, सिमेंटचा धंदा, डंपर स्वतःचे. नेहमीचं पाठांतर म्हणून दाखवलं: कॉम्प्युटरवाला बोलवायला नको, काही शिकायला नको, बिलं-स्टॉक सगळं आतच आहे, नुसता प्लग लावा. शेठ म्हणाले, "म्हंजे मिक्सरसारकाच ना?" म्हटलं, अगदी तसाच. मंदार खाली बसून वायर गुंडाळत होता, त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. येताना बाइकवर मागून ओरडला, "मिक्सर नाहीये तो!" म्हटलं, तू बनव, मी विकतो. भागीदारीत वाटणी तशीच ठरलीय.

११ ऑगस्ट, मंगळ.
खांदा कॉलनीतल्या आपल्या गाळ्यात दिवसभर फोन. हार्डवेअरवाले काका: कालची बिलं गायब. दुपारी धर्माशेठ: "तुमचा डबा सगलं इसरला. कालचं कायपण नाय." परवाच मं. जाऊन नीट करून आला होता. सगळ्या गिऱ्हाइकांचं एकच रडगाणं. मं.ला कारण सापडत नाही. गाळ्यात ठेवलेला डबा मात्र गुणी बाळासारखा चालतोय.

२९ ऑगस्ट, शनि.
मं.ने आज सांगितलं. बंगलोरच्या कंपनीने बोलावलंय, दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय.  मग म्हणाला, "एक तरी दुकान आपल्या डब्यावर खरंच चालतंय असं दाखव, मी नाही म्हणून कळवतो." डब्याच्या आतली एकेक ओळ त्याने लिहिलीय, मला त्यातली एकही वाचता येत नाही. तो गेला तर माझ्याकडे नुसते पत्र्याचे डबे.
बायकोला, सुजाताला सांगितलं. तिचं एकच, "मग तूही बघ ना नोकरी." नोकरीच्या नावाने मी आंघोळ केलीय हे तिला माहीत आहे, तरी म्हणाली.

१२ सप्टें., शनि.
सापडलं!! आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.
काकांच्या हार्डवेअरमध्ये दुकान बंद होईपर्यंत ठाण मांडून बसलो. काकांनी उदबत्ती ओवाळली, गल्ल्याला नमस्कार केला, शटर अर्धं ओढलं आणि मीटरखालचा मेन स्विच, खट्.  यूपीएस टीं टीं करायला लागला, त्याचंही नरडं दाबलं. डबा गपगार. मी म्हटलं, हे काय? "मग रात्रभर लाइट चालू ठेवून जाऊ? शॉर्टसर्किट झालं तर कोण येणार आहे?"
बाकीच्यांना फोन केले. सगळे मेन बंद करूनच घरी जातात, त्यांचे बापही तेच करायचे. आणि मं.चा प्रोग्राम दिवसाचा हिशेब जपून ठेवतो तो दुकान बंद झाल्यावर, रात्री! आम्ही दोघं नोकरदारांची पोरं. घरचा मेन बंद होतो तो गावाला जाताना. दुकान कसं बंद करतात ते कुणी पाहिलंय? डबा रोज रात्री मरत होता, आणि रोज मरे त्याला कोण रडे.

१३ सप्टें., रवि.
मं. चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, प्रत्येक बिलाला लगेच साठवेल असं परत लिहावं लागेल, वेळ लागेल. तोवर स्टिकर छापले: 'रात्री बंद करू नये'. काही शिकायचं नाही म्हणून विकलं, आता शिकवत फिरायचं.

२८ सप्टें., दसरा
धर्माशेठकडे. डब्याला झेंडूचा हार, हळदकुंकू. माझ्या स्टिकरवर स्वस्तिक. हवा जायच्या जाळीत पाकळ्या अडकल्या होत्या, त्या नखाने काढल्या. बिलं मात्र त्यांची सून दर्शना हाताने वहीत लिहीत होती. विचारलं, डबा वापरत नाही का? शेठ म्हणाले, "हाय ना, राहू दे जोडीला. लक्ष्मी हाय ती." रात्री मेन चालू ठेवाल? "बगू." दर्शनावहिनींनी मात्र विचारलं, चुकलेलं बिल खोडायचं कसं. दाखवलं. फार मनावर घेतलं नाही मी.
पेढा दिला. रुमालात बांधून घरी आणला.

१५ ऑक्टो., गुरु.
नवा प्रोग्राम झाला. पण टाकणार कुठे? काकांनी डबा परत आणून दिला, स्वच्छ पुसून, पिशवीत घालून. "राग मानू नकोस रे." बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही, मीच जाऊन घेऊन आलो. राहिले धर्माशेठ. त्यांच्याकडे मं. नवं टाकून आला, संध्याकाळी गाळ्यात आल्यावर म्हणाला, "मी बंगलोरला हो कळवलं." चहा मागवला. थांब म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

२ नोव्हें., सोम.
मं.ला कळंबोलीला बसमध्ये बसवलं. म्हणाला, "येईल तुला हळूहळू. फोन कर." गाळ्यावर येऊन त्याने लिहिलेलं उघडून बसलो. पहिल्याच पानावर अडलो. मालकाला सांगितलं, महिनाअखेर गाळा सोडतो.

१९ नोव्हें., गुरु.
सामान बांधत होतो. फोन धर्माशेठच्या दुकानातून, पण आवाज दर्शनावहिनींचा.
"भाऊ, डबा चालूच होत नाय. सकालपासून बगते."
म्हटलं, वहीत लिहा तोवर.
"वही कुठली? ती दिवालीलाच बंद केली मी. सगलं याच्यातच हाय. कुणाला किती माल गेला, कुणाचे पैसे आले, कायपण सांगता येत नाय. डंपरवाले उभे हायत."
रात्री मेन...?
"मीच नाय बंद करू देत मामंजींना. भांडले त्यांच्याशी."
खुर्चीवर बसलो. असं एक दुकान मिळावं म्हणून काय काय नवस केले नव्हते. मं.ला तीनदा लावला, उचलत नाही. ऑफिसात असणार.
वहिनींना म्हटलं, निघालोच. चार स्क्रू काढले की डबा उघडतो, एवढं येतं मला. त्यापुढे काय, ते तिथे गेल्यावर.