दुरून ताबा

३ नोव्हेंबर
देवाच्या दयेने दिवस चांगला गेला. घोडेगाव सोडून मी आणि माझी बायको रतनबाई शेवगावात आलो. अश्विनीताईंच्या दुकानामागची खोली मिळाली, नळ आतच आहे, त्यामुळे रतन खूश. ताई दूध संकलन केंद्रांना संगणक पुरवतात. तिकडे काही बिघडले की इथे बसून तो संगणक दुरून चालवायचा आणि दुरुस्त करायचा. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर निवडायचे आहे. केंद्रांवर माझ्यासारखीच सातवी शिकलेली माणसे असतात, म्हणून चाचणीचे गिऱ्हाईक म्हणून मला ठेवले. त्यांचा कारागीर रविराज म्हणाला, "आबा, तुमाला जमलं म्हंजी समद्या तालुक्याला जमलं." रोज काय अडले ते लिहून ठेवायचे आहे. माझ्या हातून काही मोडले तर, ही धास्ती आहेच.

४ नोव्हेंबर
पहिले सॉफ्टवेअर इंग्रजीत. रविराजने जोडणीसाठी पडद्यावरचा आकडा विचारला, मी भलत्याच चौकटीतला वाचला. दुसऱ्याची जोडणी वीज गेली की तुटते. रविराज पलीकडच्या टेबलावरून माझ्या पडद्यावरचा बाण हलवत होता. मी माउस घट्ट धरला तर ओरडला, "आबा, सोडा की! बैल हाय का त्यो, पळून जाईल?" ताई हसल्या. मीही हसलो.

६ नोव्हेंबर
तिसरे मराठीत आहे. कोणत्या कंपनीचे ते रविराजलाही सांगता येईना. पडद्यावर आले, 'कोणाचा ताबा द्यायचा?' तिथे संगणकाचा क्रमांक टाकायचा होता. मला ताबा माहीत तो जमिनीचा. तलाठ्याकडे लिहितात तसे पूर्ण नाव लिहिले : सहादेव कोंडिबा येळवंडे, मुक्काम घोडेगाव. पुढे विचारले, 'कायमचा?' मी 'हो' दाबले. रविराज पोट धरून हसला. "आबा, सोताचाच ताबा दिला व्हय!" त्याच्या पडद्यावर काहीच उघडले नाही. माझा उजवा हात मात्र खांद्यापर्यंत गार पडला.

७ नोव्हेंबर
उजवा हात माझ्याआधी हलतो. सकाळी त्याने चहाचा कप भिंतीवर फोडला. रविराज म्हणाला, शुगर तपासून घ्या. दुपारी रविराज दाराशी बसून शटरखालची वायर ओढत होता. माझ्या हाताने शटर खाली आपटले. वर केले, पुन्हा आपटले. त्याची बोटे चिरडली, हाड पांढरे दिसत होते. दवाखान्यात ताईंनी सगळ्यांना सांगितले, म्हाताऱ्याचा हात सुटला. परत आलो तर माझ्या पडद्यावर अक्षरे होती : 'तांत्रिक मदत सुरू आहे. कृपया हात हलवू नका.'

८ नोव्हेंबर
ताईंना हात जोडायला गेलो, उजवा आलाच नाही. ते सॉफ्टवेअर काढून टाका म्हणालो. त्या काढायला बसल्या आणि माझ्या हाताने त्यांचा गळा धरला. त्यांचे डोळे पांढरे झाले. मी डाव्याने माझी दोन बोटे उलटी मोडली, तेव्हा कुठे सुटल्या. पुन्हा दिसलात तर पोलीस, म्हणाल्या. सॉफ्टवेअर निघाले होते. हात तसाच.

९ नोव्हेंबर
रात्रीच घोडेगावच्या घरी परतलो. हात वरवंट्याने ठेचला. मांस फाटले. मोडलेली बोटे तरीही चालतात — रतनच्या मानेकडे वळतात. खाटेला सुतळीने बांधलाय. डाव्याने लिहितो. रतनला म्हणालो, बहिणीकडे जा. ती म्हणते, तुमाला असं टाकून कुठं जाऊ —

१० नोव्हेंबर
सुतळी रुतली. रक्त. मला दुखत नाही.

जीभही गार पडली. ओरडायला तोंड उघडतो — आवाज नाही —

रतन हळद घेऊन आलीय. म्हणते, किती आवळलंय ओ, जरा सैल करते. मान हलवतो — मान हलत नाही. वही पुढे केली. तिला वाचता येत नाही.

गाठ सोडतीय. रतन, नको — एक वेढा सुटला —

बोटं उघडली. रतन, मागं स