तेल्याचा विषाणू आणि तुमची इरा

नाशिक, रविवार

तीर्थरूप नाना,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच मानून घ्यावा.) तुमचे गुडघे, सासूबाईंची शुगर आणि कळवणची बाग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझं वाक्य संपायच्या आत सासूबाई ते इराला कळवतात. हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे.

तुमच्या डाळिंबांवरच्या तेल्याचा बंदोबस्त मी शोधून काढला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (मीच बरेच वेळा सांगितलं.) तेल्या हा जिवाणूचा रोग, आणि त्या जिवाणूला मारणारा विषाणू मी तुमच्याच बागेतल्या मातीतून मिळवला. काचेच्या ताटलीत जिवाणूंचा दाट थर वाढवला, वर विषाणूचे थेंब सोडले, तर थरात गोल गोल रिकामे ठिपके पडले. जिथे ठिपका, तिथे जिवाणू ठार! कॉलेजात पेढे वाटले. प्राचार्या सरोजिनीबाईंनी शाल घातली. तुम्हीसुद्धा विचारलंत, "जावईबापू, फवारणी कधी करायची?" काय दिवस होते ते!

मग तुमच्या मुलीने ते ठिपके निरखून पाहिले. (नवराबायकोने एकाच प्रयोगशाळेत नोकरी करू नये, हे कुणी आम्हाला वेळेवर सांगितलं नाही.) म्हणाली, "आल्हाद, ठिपक्यांच्या मधोमध दुधाळ दिसतंय रे." मी म्हटलं, काच नीट पुसलेली नसेल. तिने त्या दुधाळ भागातले जिवाणू उचलून वेगळे वाढवले आणि त्यांच्यावर माझा विषाणू सोडला. त्यांना ढिम्म काही झालं नाही. मग तिने त्यांचा डीएनए तपासून घेतला, तेव्हा कळलं की माझ्या पठ्ठ्याने या जिवाणूंना मारलंच नव्हतं. त्यांच्या डीएनएत एका ठरावीक जागी छेद देऊन त्याने तिथे स्वतःचा डीएनए जोडला होता आणि आत गप्प बसला होता. जिवाणू दुभंगला की त्याच्याबरोबर याचीही नक्कल निघते. वर असा एक आत असला की त्याच जातीच्या दुसऱ्या विषाणूचं त्या जिवाणूवर काही चालत नाही. म्हणजे मी फवारणी केली असती, तर थोडे जिवाणू मेले असते आणि उरलेले माझ्याच कृपेने सुरक्षित होऊन तुमच्या बागेत सुखाने नांदले असते.

तेव्हापासून कॉलेजात 'इरा मॅडमचा शोध' सुरू झाला. विद्यार्थी माझ्या तासाला तिच्या शोधाबद्दलच्या शंका विचारतात. आमचा शिपाई दिनेश पूर्वी पहिला चहा मला द्यायचा, आता माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्यावर साय धरलेली असते. गंगापूर रोडवर भाजी घेताना एक बाई म्हणाल्या, "तुम्ही इरा मॅडमचे मिस्टर ना?" मी हसलो. त्या संध्याकाळी मला सपाटून पित्त झालं.

शेवटी विभागाच्या बैठकीत मी सगळ्यांदेखत उठलो. म्हटलं, "आत बसलाय म्हणतेस ना? मग बाहेर काढून दाखव!"

"दाखवते की," ती म्हणाली. "अतिनील प्रकाशाने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली, की आतला विषाणू स्वतःला सोडवून घेतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो."

"तू हात लावायचा नाहीस. सगळं मी करणार."

ती बापडी उत्तरपत्रिका तपासत बसली. त्या दुधाळ भागातल्या जिवाणूंचं गढूळ पाणी मीच पसरट ताटलीत ओतलं, मीच अतिनील दिव्याखाली धरलं, मीच परत चंबूत भरून काळा कागद गुंडाळला. कॉलेज सुटताना सगळ्यांसमोर कागद काढला. दिवा न दाखवलेला चंबू शेजारी तसाच गढूळ, आणि माझ्या हातातला नितळ! त्यातले थेंब साध्या जिवाणूंवर टाकले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके हजर. तिच्या शोधाला एवढा एकच पुरावा कमी होता, नाना. तो मी स्वतःच्या हाताने दिला. वर्तमानपत्रात फोटो आला आहे. नितळ चंबू उंच धरून मी उभा, आणि खाली छापलंय, 'डॉ. इरा आणि त्यांचे सहायक'.

आता तिला लिस्बनला व्याख्यानासाठी बोलावलंय. काल विचारत होती, कुठली साडी नेऊ? मी म्हटलं, कुठलीही ने. (हिरवी तिला फार शोभते. सांगितलं नाही.)

तुमचा (निदान तुम्ही तरी माझे असावेत),
आल्हाद

ता. क. मूळ काम राहूनच गेलं. तेल्या लागलेल्या झाडांखालची पिशवीभर माती माझ्या आईच्या पत्त्यावर पाठवून द्या. आत न बसता सरळ मारून टाकणारा विषाणू मला शोधायचा आहे. इराला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

ता. क. २. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात इराने तिच्या शोधनिबंधाची छापील प्रत पुढ्यात ठेवली. लेखकांत माझं नाव पहिलं आहे, तिचं दुसरं. मी म्हटलं, "अगं, हे चुकलंय." तर म्हणते, "विषाणू सापडला कुणाला? तुलाच ना?" आणि कुकर लावायला निघून गेली. नाना, आता मनाचा मोठेपणासुद्धा तिनेच पटकावला. माणसाने जळायचं तरी कशावर?