बांधावरचे ठिपके

बाबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पहाटेच्या अर्धवट झोपेत मी अजून दिघाशीच्या आपल्या शेतावर येते. भात कापून झालंय, वाल उगवून आलेत, धुक्यात पलीकडची करवंदाची जाळी दिसते न दिसते. तुम्ही बांधावर उभे आहात, हातात माझं जीपीएस यंत्र. मोबाइलसारखं दिसतं म्हणून ते कानाला लावता आणि मला हसवता.

कॉलेजात असताना कोल्हे कुठे वावरतात याचा अभ्यास मी घेतला होता. आठवडाभर मी कामतघरला मावशीकडे राहायची, रविवारीच घरी यायची, म्हणून यंत्र तुमच्याकडे. कोल्हा दिसला की बटण दाबायचं, जागा त्यात साठते, एवढंच मी शिकवलं होतं. हिवाळाभर तुम्ही पहाटे उठून गेलात. मग मी नकाशा काढला, तर तुमचे सगळे ठिपके बांधावर, एका ओळीत. जाळीत एकही नाही. कोल्हे काय बांधावर राहायला आले होते?

मी किती चिडले तुमच्यावर. म्हटलं, "यंत्र तुम्ही उभे होतात ती जागा सांगतं, कोल्ह्याची नाही." तुम्ही ओसरीवर वाल सोलत होतात. "जवल गेलो असतो तं त्यो पलाला असता, बाय. पन मना समदं याद हाय. बस, एकेक सांगतो."

कॉलेजातले माझे सरही तेच म्हणाले होते. वडिलांना विचार, कोल्हा कोणत्या बाजूला आणि किती पावलांवर होता ते लिही, त्यात चूक किती असू शकेल तेही लिही. आज मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवते. पण तेव्हा मला बापाच्या आठवणी अभ्यासात घालायची लाज वाटली. "आठवणीवर कुठे अभ्यास होतो का," असं तोडून बोलले आणि तुमच्या सगळ्या नोंदी पुसल्या. मग चार रविवार स्वतः फिरले आणि दिसले तेवढ्या मोजक्या कोल्ह्यांवर भागवलं.

बाइंड केलेला प्रबंध तुम्ही मांडीवर घेतलात, नकाशावरून हात फिरवलात आणि विचारलंत, "यातलं माझं कंचं?" मी जाळीजवळच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. तुम्ही ते दाखवायला शेजाऱ्यांना हाका मारल्यात. हा कागद घडी होऊन पुस्तकात जाईल, पण एकदा लिहून ठेवते. ते तिन्ही माझे होते.