व्हार्निश केलेलं इरलं

आय,

परवाच्या सभेत मी तुझ्याविषयी बोलले आणि त्यापायी गावातल्या बायकांचं भातलावणीचं यंत्र गेलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. गोल गोल बोलायची सवय मला नाही, तुलाही नव्हती.

घरापुरतं भात पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकार नवं धोरण आखतं आहे. शेती सुधारावी, कुणाच्या घरात धान्य कमी पडू नये, असा हेतू. लोकांचं म्हणणं ऐकायला दिल्लीचे एक साहेब चर्चच्या हॉलमध्ये आले होते. आधी करून बघायला आपलं गाव निवडलं होतं. सुधारलेलं बियाणं मिळणार होतं आणि बायकांच्या गटाला रोपं लावायचं यंत्र. गावातर्फे मी बोलावं असं ठरलं, कारण मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि मी तुझी मुलगी. गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधून मी तुझं इरलं घेऊन गेले. भर पावसात तू चिखलात वाकायचीस तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत तुला झाकायचं, तेच. त्यात मी नवी पानं घालून घेतली होती, बांबूच्या कामट्यांना व्हार्निश लावलं होतं आणि सोफ्याच्या वर ते टांगलं होतं. पाहुणे त्याचे फोटो काढायचे.

ते इरलं हातात धरून मी म्हणाले की आमच्या आईने जुनंच भात लावलं, हाताने लावलं आणि आम्हाला एकदाही उपाशी झोपवलं नाही; आम्हाला तुमची यंत्रं नकोत. टाळ्या झाल्या. साहेबांनी मान डोलावली आणि गावाचा यंत्राला विरोध आहे असं शेजारच्याला लिहून घ्यायला सांगितलं. ते ऐकू येऊनही मी खाली बसले. टाळ्या अजून चालू होत्या.

आम्हाला उपाशी झोपवलं नाहीस, हे खरं आहे. नवं भात यायच्या आधीचे ते दिवस. चुलीपाशी ओली लाकडं धुमसतायत, तू पेज वाढते आहेस. पळी तळापर्यंत घालून शितं आमच्या ताटल्यांत काढतेस आणि वरचं पाणी स्वतःच्या वाटीत. मी विचारते, तुला शितं का नाहीत, तर तू म्हणतेस, "मला पानीच आवडते." मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. पण परवा सभेत खरं वाटत नव्हतं, आय. परवा मला सगळं माहीत होतं.

हॉलच्या बाहेर मावशी उभी होती. तुझ्या शेजारच्या ओळीत वाकायची ती, आता स्वतःच काठी झाली आहे, पण तिची आणि सुनेची लावणी अजून चालू आहे. मजूर मिळत नाहीत, आणि पडीक राहिलेल्या जमिनीवर बिल्डरची माणसं फेऱ्या मारतात. मला वाटलं, ती माझं कौतुक करणार. ती म्हणाली, "बाय, बोललीस लय गोड. तुझी कंबर शाबूत हाय ना, म्हनून. कालेजात वाकावं नाय लागत." आजूबाजूच्या बाया हसल्या. मग ती हसायची थांबली. "तुझी आय त्या भाताला शिव्या घालीत लावायची. माझ्या सुनेनं अजून किती वाकायचं, ते पन सांग त्या सायबाला." आयुष्यभर वर्गात उलट बोलणाऱ्यांना गप्प केलं, आणि तिच्यापुढे हातातलं इरलं कुठे लपवावं ते मला कळेना.

माझ्या लहानपणी ब्लॉक ऑफिसचा माणूस नवं बियाणं घेऊन आला होता तेव्हा गावात सगळ्यांच्या आधी तू पुढे गेली होतीस, हेही मी सभेत सांगितलं नाही. लोक म्हणाले, सरकारी भात, चव नाही त्याला. चव नव्हतीच. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात तुझ्या वाटीत शितं होती. कणसांच्या सणाला, नवं पीक देवापुढे ठेवतात तेव्हा, तू त्याच भाताची जुडी चर्चमध्ये नेलीस आणि मागे कुणीतरी कुजबुजलं तेव्हा फादरांना म्हणालीस, "हिच्यावर माझी पोरं जेवली, फादर. हीच ठेवा." तुझ्यामागे मी उभी होते, नव्या फ्रॉकमध्ये, पोट भरलेली.

काल वसईच्या शेती कार्यालयात गेले. तिथला अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. मॅडम, तुम्हीच तर नको म्हणालात, म्हणाला, आणि मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले. मी जे बोलले ते गावाचं मत नव्हतं, माझंही नव्हतं, मला टाळ्या हव्या होत्या, असं त्याला सांगितलं. तो बिचारा ओशाळला. वर कळवतो म्हणाला, पण यंत्र दुसऱ्या गावाला गेलं असेल तर त्याच्या हातात काही नाही. पावसाच्या आधी कळेल. नाहीच मिळालं, तर यंदा मावशीची सून वाकेल आणि मी इथे पंख्याखाली असेन.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मी तुला वाचून दाखवायचे. हे मात्र तुझ्या कबरीपाशी उभं राहून मोठ्याने वाचायची माझी हिंमत नाही, म्हणून कपाटातच राहील.

भरपाई म्हणून दिलं ते एवढंच. कार्यालयात, माझं बोलणं मागे घेते असं सहीनिशी लिहून दिलं. यंत्र आलं तर आधी चालवून बघायला तुझं विहिरीजवळचं खाचर बायकांच्या गटाला दिलं. आणि इरलं मावशीला. तिने व्हार्निशवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि ते कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथं टाकलं. "पाऊस लागनार नाय त्यांना," म्हणाली. मला ते परत मागावंसं वाटलं.