बाहेर उघडलेली बाटली

प्रिय शहाण्या,

घरात सगळे तुला याच नावानं हाक मारतात म्हणून लिहिलं, कौतुक समजू नकोस. काल आईचा फोन आला. धाकट्याला सांभाळून घे, नवीन खुर्ची आहे त्याची, म्हणाली. म्हणजे तू आईला मध्ये घातलंस! लाज कशी वाटली नाही रे?

तुझ्या प्रयोगशाळेत अख्खी बॅच वाया गेली आणि तू सरळ त्या नव्या मुलीवर ढकललंस. म्हणे, तिला काम येत नाही, काढून टाका. अरे, तपासणी विभागात मी बसते हे विसरलास? फ्लास्कच्या तळाशी अभिक्रिया घडवणाऱ्या पॅलेडियम धातूचा काळा गाळ होता. धातू कुठे पळाला नव्हता, त्याला धरून ठेवणारं फॉस्फिन हवेतल्या ऑक्सिजननं खाल्लं होतं. फॉस्फिनचं ऑक्साइड झालं की त्याची पकड सुटते, धातूचे कण एकमेकांना चिकटतात आणि काम बंद. हे मीच तुला शिकवलंय, माझ्या टेबलाशी बसवून.

त्या पोरीनं सगळं हवा न शिरणाऱ्या नायट्रोजनच्या पेटीत, अगदी नियमानं केलं. पण बाटलीतली फॉस्फिनची पूड आधीच खराब झालेली. उरलेली पूड मी तपासली, निम्म्याहून जास्त ऑक्साइड! आणि बाटली पेटीबाहेर कोण काढतं? पेटीचे जाड रबरी हातमोजे तुम्हा साहेबांना सोसत नाहीत, घाम येतो. म्हणून उघड्या टेबलावर वजन करायचं, झाकण बाजूला ठेवून फोनवर गप्पा हाणायच्या आणि बाटली गुपचूप आत सरकवायची. मी डोळ्यांनी पाहिलं, बोललेही. तर म्हणे, ताई, तुझं आपलं काहीतरीच.

लहानपणी काचा तू फोडायचास आणि बोलणी मी खायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण ही पोर काही तुझी ताई नाही, तिनं का खायची? घरात ती एकटी कमावते. असा शिक्का बसला तर तिला कुणी दारात उभं करणार नाही. इतका संताप आलाय की तुझं तोंड बघू नये असं वाटतं.

मी गप्प बसावं म्हणून तू आईला पुढे केलंस. तुला वाटतंय वाया गेलेल्या बॅचची चौकशी उद्या आहे. तुझी उद्या आहे, माझी आज सकाळीच झाली. बाटली चौकशी समितीसमोर ठेवली आणि तुझं नाव सांगून आले. ती मुलगी कामावर राहतेय. तुला हे परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. आईला मी अजून काही बोललेले नाही. ते तू सांगायचंस.

काय करणार, तरीही तुझीच,
ताई