फाटका टप

रविवार, मे १९९४

यांच्या त्या जुन्या इटालियन उघड्या गाडीचा कापडी टप पुन्हा फाटला. मागे मीच गोधडीचे टाके घालून शिवला होता. आज लेकीकडे कामरेजला नातीचं बारसं, आणि गाडी वाटेतच बंद. हे बॉनेट उघडून वाकले. मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात तेव्हा कधी इतकं वाकून बघितलं नाही."

म्हणतात, "तुझे पार्ट मिळतात का कुठं?"

दोन तासांनी पोचलो, तर नाव ठेवून झालेलं. मी यांच्याशी बोललेच नाही. पण बाळ रडायचं थांबेना, तेव्हा हे तिला घेऊन गाडीत बसले, इंजिन चालू केलं, आणि त्या घरघरीत ती झोपली की. टपाच्या भोकातून तिच्या तोंडावर ऊन, म्हणून मी पदर धरून उभी.

आता परत सुई-दोरा काढलाय. मी कशाला शिवू खरं तर? पण पोरीला ऊन लागेल.